प्रवासखर्च वेगळा

मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कुत्र्यांना शिकवतो. पहिल्या वर्षी प्रवासखर्च घेत नव्हतो. वर्ष संपल्यावर कळलं, की पुण्यातले कुत्रे हुशार झालेत, पेट्रोलपंपवाले श्रीमंत झालेत आणि मी आहे तिथेच आहे. तेव्हा नियम केला. खडकी बाजारातल्या माझ्या खोलीपासून पाच किलोमीटरपर्यंत फुकट. त्यापुढे जाता-येता किलोमीटरला दहा रुपये.

हा नियम ऐकल्यावर पुण्यातला माणूस आधी तो पुन्हा एकदा विचारून घेतो. मग कामाला लागतो. बाणेरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "अंतर तुमच्या दारापासून धरता की खडकी स्टेशनपासून?" कोथरूडच्या बाई म्हणाल्या, "गाडी आपली, रस्ता महापालिकेचा. आम्ही नेमके कशाचे द्यायचे?" सहकारनगरच्या एकांनी सांगितलं, की त्यांचा दूधवालाही लांबून येतो, त्यानं कधी मागितले नाहीत. मी म्हटलं, मग दूधवाल्यालाच विचारा, कुत्र्याला बसायला शिकवता येतं का. ते म्हणाले, विचारतो. खरोखर विचारलं असावं, कारण त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

खोलीत मी एकटाच असतो. अब्बा दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आम्ही बाजारात ही जागा घेतली. मग सोलापुरात माझ्या बहिणीला, रुमानाला, जुळी झाली आणि अम्मी-अब्बा दोन महिन्यांसाठी तिकडे गेले. जुळी असल्यामुळे दोनाचे चार महिने होतील, हे मी धरलं होतं. आता दीड वर्ष झालं. वरचे महिने कुठून आले माहीत नाही. घरात कुत्रा नको, हा अब्बांचा नियम. अब्बा नाहीत, नियम आहे. म्हणून मी दुसऱ्यांच्या कुत्र्यांकडे जातो.

धायरीहून तेजस गावंडेचा फोन आला तेव्हा मी त्याला नियम सांगितला. सोळा किलोमीटर, त्यातले पाच वजा, अकराचे दुहेरी दोनशे वीस.

"मॅपवर पंधरा पॉइंट आठ दाखवते," तो म्हणाला.

"वरचे दोनशे मीटर सिग्नलचे."

"सिग्नलवर थांबल्यानं अंतर वाढत नाही ना भाऊ."

"सिंहगड रोडला वाढतं."

त्यानं मॅप पुन्हा बघितला असावा. मग म्हणाला, "ते बरोबर आहे." पुण्यात माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं होतं. पुढं कळलं की तो पुण्याचा नाही, वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याचा आहे.

तेजस तिसऱ्या मजल्यावर राहायचा. तिशीतला, कॉम्प्युटरवर काम करणारा, चष्मा, दाढी ठेवलेली नव्हे तर राहून गेलेली. कुत्रा गावठी, बदामी रंगाचा, एक कान उभा आणि एक विचारात. नाव पाहुणा. पार्किंगमध्ये पावसात भिजत बसला होता म्हणून दोन दिवसांसाठी वर आणला होता. त्याला तीन वर्षं झाली होती. मला सोलापूरची आठवण झाली.

पाहुण्याला सगळं येत होतं. बस म्हटलं की बसायचा, हात दे म्हटलं की द्यायचा, नको म्हटलं की ताटाकडे पाठ करून बसायचा. एवढी शिस्त मी माणसांत बघितलेली नाही.

"याला काय शिकवायचं?" मी विचारलं.

"एकटं राहायला," तेजस म्हणाला.

गोष्ट अशी होती. कोविडपासून तेजसचं काम घरूनच चालू होतं. आता कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं होतं. एक तारखेपासून रोज खराडीला जायचं, सकाळी निघायचं आणि संध्याकाळी यायचं. आणि तेजस कचरा टाकायला खाली गेला तरी पाहुणा रडायचा. भुंकणं नव्हे, रडणं. मान वर करून, लांब, मध्ये श्वास घेऊन पुन्हा. खालच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरी सुशीलाबाई राहत होत्या. त्यांनी तेजसला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "कायदा तुमच्या बाजूनं आहे, मला माहीत आहे. पण कान आमचे आहेत."

"एक तारखेपर्यंत शिकला नाही, तर काकाच्या शेतावर नेऊन सोडावा लागेल," तेजस म्हणाला. "काका चांगले आहेत. पण कुत्रा म्हणजे साखळी, असं त्यांचं आहे. दिवसभर बांधतील. आणि कारंजा काही जवळ नाही."

बोलताना त्याचा हात पाहुण्याच्या पाठीवर होता. पाहुणा माझ्याकडे बघत होता. ज्याच्या भविष्यावर चर्चा चालू आहे आणि ज्याला बिस्कीट मिळेल अशी आशा आहे, तसं.

एकटं राहायला शिकवायची पद्धत सोपी आहे. मालकानं बाहेर जायचं आणि कुत्रा रडायच्या आत परत यायचं. आज एक मिनिट, उद्या तीन, परवा दहा. माणूस जातो तसा येतोही, हे कुत्र्याला पटेपर्यंत. पटलं की तो दाराशी थांबत नाही, आत जाऊन आपला झोपतो. मग झालं.

"तर आता तुम्ही बाहेर जा," मी म्हटलं.

"कुठं?"

"कुठंही. माणसं जातात ना बाहेर."

तेजस चपला घालून दाराबाहेर उभा राहिला. पाहुण्याला दारापलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, त्यामुळे ते जाणं धरता येईना. मग तो गेटपर्यंत गेला. पाहुणा गॅलरीतून त्याच्याकडे बघत राहिला आणि तो पाहुण्याकडे. मी फोन करून सांगितलं, दिसणार नाही असं जा. तो म्हणाला, "तिकडे काय आहे?"

हा प्रश्न त्यानं गंभीरपणे विचारला होता. पाच वर्षं तो त्या फ्लॅटमध्ये होता आणि भाजी, किराणा, जेवण, औषध सगळं दारात येत होतं. धायरी त्याला पिनकोडइतकीच माहीत होती. मी सांगितलं, डावीकडे वळलं की चहाची टपरी आहे. त्यानं टपरी शोधली आणि फोन केला, "आता चहा प्यावा लागेल का?"

तो बाहेर असताना पाहुण्यावर नजर कुणी ठेवायची, हा पुढचा प्रश्न. तेजसनं एक जुना फोन फ्रिजवर लावला आणि व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर जोडला. मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात पायरीवर बसून बघू लागलो. आत पाहुणा, टपरीवर तेजस, मधे मी.

दुसऱ्याच दिवशी खालचं दार उघडलं. सत्तरीच्या, पांढरी बारीक वेणी, हातात भाजी निवडायची ताटली.

"आपण कोण?"

"कुत्र्याला शिकवतो."

"कुत्रा कुठं आहे?"

"आत."

सुशीलाबाईंनी बंद दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तीस वर्षं शाळेत होते मी. आमच्याकडे विद्यार्थ्याला बाहेर उभं करत. मास्तर बाहेर, हे पहिल्यांदाच बघते आहे."

"नवीन पद्धत आहे."

"असेल. नाव काय?"

"आफताब."

"नंबर द्या. तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक असावं."

मी नंबर दिला. त्यांनी तो वहीत नाही, फोनमध्येच घेतला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. मग दार लावताना म्हणाल्या, "जिन्यातली फरशी गार असते. वर्तमानपत्र घ्या खाली." आणि एक जुनं वर्तमानपत्र दाराच्या फटीतून बाहेर सरकवलं.

आठवडाभरात पाहुणा अर्धा तास गप्प राहू लागला. तेजसचं बाहेर जाणं लांबलं, तसा तो टपरी सोडून पुढं जाऊ लागला. एकदा धायरी फाट्याला जाऊन आला, एकदा बसनं दोन थांबे पुढं. आणि त्या दिवशी फी देताना म्हणाला, "भाऊ, एक विचारू? तुम्ही माझ्या घरी येता, त्याचे मी पैसे देतो."

"हो."

"मग तुमच्या सांगण्यावरून मी माझ्या घरातून जातो. त्याचे कोण देणार?"

माझ्या नियमात येणारा माणूस होता. जाणारा धरलाच नव्हता.

"बसचं तिकीट आहे," त्यानं दाखवलं. "आणि रिक्षा. बस मिळाली नाही."

"रिक्षा कशाला? चालत यायचं."

"चालत आलो असतो तर पाहुणा चाळीस मिनिटांच्या वर गेला असता. तुम्हीच म्हणाले, तीसच्या वर जायचं नाही."

म्हणणं बरोबर होतं. शेवटी त्याचा प्रवासखर्च माझ्या प्रवासखर्चातून वजा करायचा असं ठरलं. काही दिवशी मी सोळा किलोमीटर जाऊन, शिकवून, त्याच्या रिक्षाचे पैसे भरून सोळा किलोमीटर परत यायचो. धंदा म्हणून हे बरोबर नव्हतं. पण त्या दिवसांत मी घरी लवकर जायला धडपडत नव्हतो. फी झाल्यावर तेजस चहा करायचा. तो चहात आलं ठेचून न टाकता अख्खं टाकायचा आणि नंतर काढून धुवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचा. मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही.

एक तारीख जवळ आली तोवर पाहुणा तीन तास राहू लागला होता. मी जिन्यात बसून फोनवर बघायचो. तो दाराला नाक लावून पडलेला असायचा, शांत, डोळे मिटलेले. मी तेजसला लिहायचो, झोपला. तेजस लिहायचा, छान. तो तेव्हा कुठल्यातरी बसथांब्यावर बसलेला असायचा.

"शिकला," शेवटच्या दिवशी मी सांगितलं. "आता माझी गरज नाही."

"नाही," तो म्हणाला. मग, "चहा?"

सोमवारी तेजस खराडीला गेला. मी वाकडेवाडीला एका लॅब्राडोरला जिना उतरायला शिकवत होतो, तेव्हा सुशीलाबाईंचा फोन आला.

"तुमचा विद्यार्थी नापास झाला आहे," त्या म्हणाल्या. "ऐका." आणि त्यांनी फोन बहुधा छताकडे धरला. ते रडणं फोनमध्ये मावत नव्हतं. लॅब्राडोरनं मान वाकडी केली आणि जिन्यावरच बसला.

मी सिंहगड रोडनं गेलो तेव्हा सगळे सिग्नल लागले. इमारतीच्या गेटवरून आवाज येत होता. मी गाडी लावली, जिना चढू लागलो आणि पहिल्या मजल्यावर आवाज थांबला.

दुसऱ्या मजल्यावर सुशीलाबाई दार उघडून उभ्या होत्या.

"सकाळपासून चालू होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिना चढू लागलात आणि बंद झालं."

"असं कसं?"

"ते मला विचारता? मास्तर कोण?"

मी वर गेलो. दाराखाली फट होती. त्या फटीत काळं, ओलं नाक होतं आणि ते माझ्या बुटांचा वास घेत होतं. मी पायरीवर बसलो. आत कुणीतरी दाराला टेकून आडवं पडल्याचा आवाज आला. मग एक उसासा.

तेव्हा मला कळलं. हे कळायला कुत्र्यांचा मास्तर असायची गरज नव्हती. पाहुणा एकटा राहायला शिकलाच नव्हता. तो एक दिवसही एकटा नव्हता. तीन तास दाराला नाक लावून पडलेला कुत्रा झोपलेला नसतो, कुणासोबत तरी असतो. हे मी दुसऱ्यांना सांगतो. त्याची पैसे घेऊन व्याख्यानं देतो. पण मी हिशेब केला तो असा, की मालक गेला म्हणजे घराशी कुणी नाही. दाराबाहेर मी बसलेला होतो, ते मी धरलं नव्हतं.

सुशीलाबाई दोन पायऱ्या वर आल्या होत्या. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी आधी फटीतल्या नाकाकडे बघितलं आणि मग माझ्या बुटांकडे.

"मग आता तुम्ही इथंच राहायला या," शेवटी त्या म्हणाल्या. "जाण्यायेण्याचा खर्च वाचेल."

तेजस संध्याकाळी आला तोपर्यंत मी तिथंच होतो. सांगितलं. तो बॅग न काढता ऐकत होता.

"म्हणजे चूक कोणाची?"

"माझी."

"तसं नाही ना. तुम्ही जिन्यात बसता, हे माहीत होतं. मलेही वाटलं नाही, की तुम्ही आहात." मग त्याला ते बरं वाटलं नसावं. "म्हणजे, तसं नाही."

"कळलं."

त्यानं काकांना फोन केला. मी गॅलरीत गेलो, पण ऐकू येत होतं. काका म्हणत होते, आण की, साखळी घेऊन ठेवतो, चांगली, लांब. तेजस म्हणाला, थांबा थोडं. फोन ठेवून तो म्हणाला, "सुट्ट्या आहेत माझ्याकडे. पाच वर्षांच्या. कुठं जायचं नसलं की साठत राहतात. पंधरा दिवस अजून पाहू. नाही जमलं तर मीच नेऊन सोडतो."

तर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी दोघांनीही जायचं होतं. एक मिनिट टपरी, पाच मिनिटं टपरीच्या पुढं, मग फाटा. फोनमध्ये पाहुणा दिसायचा. तेजस पडदा माझ्याकडे धरायचा आणि मी सांगायचो, आता उठेल, आता परत. आम्ही पळत परत जायचो. धायरीतल्या लोकांना वाटलं असेल, की या दोघांचं गॅसवर काहीतरी राहतं.

पाहुणा दोन तासांवर आला तेव्हा तेजसला एक सुचलं. "तुम्ही खडकीहून धायरीला येता. मग आपण दोघं धायरीहून लांब जातो. तर तुम्ही यायचंच काहून?"

"मग?"

"मी घरातून निघतो. तुम्ही तुमच्या घरातून निघा. मधे कुठं भेटू. कॉल तर माझ्याकडेही आहे, तुमच्याकडेही."

मधे म्हणजे बुधवार पेठ निघाली. खडकीपासून सात किलोमीटर, पाच वजा, दोनाचे दुहेरी, चाळीस रुपये. घरी जाऊन शिकवण्याचा माझा व्यवसाय, आणि आता मी घरी न जाण्याची फी घेत होतो. त्यानं कधी कमी कर म्हटलं नाही.

आम्ही तपकीर गल्लीत भेटायचो, कारण ते ठिकाण त्याला ऑनलाइन माहीत होतं. वायरी, बल्ब, स्पीकर, पंख्याची पाती. दोघांनाही काही घ्यायचं नसायचं. एका दुकानासमोर सावली होती तिथं उभे राहून आम्ही फोनमध्ये बघायचो. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नको," मी म्हटलं.

"मग रोज काय बघता?"

"आमचा कुत्रा घरी एकटा आहे."

दुकानदारानं यावर खरोखर विचार केला. "मग घरी जा की," तो म्हणाला.

तेजसनं त्याच्याकडून एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. दुसऱ्या दिवशी मी घेतला. मला लावायला काही नव्हतं.

पाहुण्याची मुदत वाढत गेली तसे आम्ही फिरू लागलो. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळायची, दगडूशेठसमोर रांग बघायची, मंडईकडून परत. एकदा एका बोळात तेजस थबकला. एका शटरवर खानावळीचं नाव होतं.

"हे इथं आहे?" तो म्हणाला. "चार वर्षं यांच्याकडचं जेवलो मी. पाकिटावर पत्ता असायचा." त्यानं आत डोकावलं. दोन बायका पोळ्या लाटत होत्या, बाकडं एकच. "बसायला जागा नाही," तो म्हणाला, जणू त्याला आत बसवून घ्यायला हवं होतं. एका बाईंनी विचारलं, "ऑर्डर कुठली?" तो म्हणाला, "धायरी." त्या म्हणाल्या, "गेली ती." तो तरीही थोडा वेळ तिथं उभा होता.

आम्ही फारसं बोलायचो नाही. तो कामाचं सांगायचा, मला कळायचं नाही. मी कुत्र्यांचं सांगायचो, त्याला आधीच पाठ झालं होतं. आम्ही अहो-जाहोच राहिलो. मधे फी असली की तू म्हणता येत नाही. पण सकाळी उठल्यावर आज कुठं जायचं हे ठरलेलं असायचं, आणि कुणीतरी तिथं येणार असायचं. मला नीट माहीत होतं, की पाहुणा जितक्या लवकर शिकेल तितक्या लवकर हे संपेल. माझ्या फोनमध्ये तो दाराशी जाऊन बसला की मला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही. एका दुपारी तो उठला, दाराकडे गेला, मान वर केली. मी श्वास रोखला. तेजसनंही. पाहुण्यानं जांभई दिली, वळला, आत गेला आणि टेबलाखाली चारी पाय वर करून झोपला.

"हे खरं आहे का?" तेजसनं विचारलं. "की तिथं कोणी बसलंय बाहेर?"

"कोणी नाही."

"सुशीलाबाई?"

त्यानं सुशीलाबाईंना फोन करून विचारलं, तुम्ही जिन्यात तर नाही ना. त्या म्हणाल्या, "मला उद्योग आहेत."

"आता झालं ना?" तेजस म्हणाला.

मला खोटं बोलता आलं असतं. आणखी आठवडाभर लागेल म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं, माझं त्याला पटायचं. पण काकांनी साखळी घेतली होती, लांब, आणि तिचा फोटो पाठवला होता.

"एकदा पूर्ण दिवस बघू," मी म्हटलं. "सोमवारी तुम्ही खराडीला जा. मी कुठंच येत नाही. घरूनच बघतो."

"प्रवासखर्च?"

"प्रवास कुठं आहे?"

तो हसला. मग आम्ही मंडईपर्यंत चालत गेलो. तिथून त्याची बस एकीकडे होती आणि माझी गाडी दुसरीकडे.

सोमवारी मी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. दुसऱ्या कुणाचा क्लास घेतला नव्हता. तेजस निघाल्यावर पाहुणा दाराशी गेला. फटीला नाक लावलं. या वेळी तिथं कुणाचे बूट नव्हते. तो एकदा कुंईं करून थांबला, जणू उत्तराची वाट बघतो आहे. बराच वेळ बघितली. मग उठला, पाणी प्यायला, घरभर एक चक्कर मारली, तेजसच्या खुर्चीचा वास घेतला आणि टेबलाखाली गेला. त्याचं शेपूट तेवढं दिसत होतं.

तेजसचा मेसेज आला, "झोपला?"

"झोपला."

"मग झालं भाऊ."

"झालं."

"पुष्कळ थँक्यू. मीटिंग आहे."

मी कुकर लावला, भात केला, फोनसमोर बसून जेवलो. शेपूट एकदा हललं. पाहुण्याला बहुधा स्वप्न पडत होतं. कॉल बंद करायला हरकत नव्हती. शिकलेल्या कुत्र्याकडे कुणी बघत बसत नाही.

दुपारी सुशीलाबाईंचा फोन आला. मी घाबरून उचलला.

"वरून काहीच आवाज नाही," त्या म्हणाल्या.

"हो. जमलं त्याला."

"सकाळपासून नाही. पळाल्याचाही नाही, काही पाडल्याचाही नाही. बरा आहे ना तो?"

"झोपलाय. मला दिसतोय."

"तुम्ही खडकीत ना?"

"फोनवर दिसतो."

"असं." त्यांच्याकडे पंखा चालू असावा, त्याचा आवाज येत होता. "आता काय करतोय?"

मी बघितलं. "काही नाही. कूस बदलली."

"कुठल्या अंगावर?"

"डाव्या."

"बरं." त्या थांबल्या. मला वाटलं ठेवतील. मीही ठेवला नाही. पाहुण्यानं टेबलाखालून एक पाय बाहेर काढला आणि तो तसाच राहू दिला.

"आता?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"पाय बाहेर काढलाय," मी म्हटलं. "एकच."